नव्या बंगल्यातलं दूध

मंत्र्यांच्या सरकारी बंगल्याच्या नूतनीकरणाचा खर्च पेपरांतून गाजत होता. फाटकाबाहेर पंचगंगेच्या पुरात घरं गेलेल्या बायकांनी विटांची चूल पेटवून ठिय्या मांडला होता. आत वास्तुशांत उरकल्यावर मंत्र्यांच्या आईनं रिवाजाप्रमाणं दूध उतू घालवायला शेगडीवर पातेलं ठेवलं. पण दूध वर चढलं की परदेशी शेगडी आपोआप बंद व्हायची. "थेंबबी सांडू देत न्हाय, आई," मंत्री कौतुकानं म्हणाले. "दूध उतू गेल्याबिगर घर कसलं रं?" म्हातारीनं पदरानं पातेलं उचललं आणि थेट फाटकाबाहेर नेलं. बायकांनी चूल मोकळी करून दिली. दूध वर आलं, काठावरून ओघळलं, निखाऱ्यांवर चरचरलं. "झालं न्हवं? चल आता घरात," मागोमाग आलेले मंत्री पुटपुटले. आई चुलीपाशीच बसली. "दूध हितं उतू गेलंय. ह्ये घर झालं. आता ह्येच्यावर छप्पर घाल."