बांधावर उसवलेलं इरलं

वारा खालून शिरला आणि मोनाचं निळं इरलं धोंडुबाईच्या पाठीवरून उडून थेट शेजारच्या वाफ्यात उताणं पडलं. भाताचं रोप लावणाऱ्या बायका कमरेत ताठ झाल्या आणि पोट धरून हसल्या. गगनबावड्याचा पाऊस कुणाची गय करत नाही. शेत धोंडुबाईचं होतं, पण तिलाही त्यानं नखशिखान्त भिजवलं.

बांधावर उभ्या असलेल्या मोनाचं तोंड एवढंसं झालं. कोल्हापुरात भावाच्या दुकानात मोटरसायकलींची सीट कव्हरं शिवता शिवता तिला हे सुचलं होतं. पानांचं जुनं इरलं जड, आणि रेनकोट घालून वाकलं की पाणी मानेतून आत. तिचं इरलं हलक्या ताडपत्रीचं होतं. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकायची, हात दोन्ही मोकळे, आणि काम झालं की घडी करून काखेत मारायचं. यंदाच्या लावणीत ते टिकलं तर तिचा स्वतःचा धंदा, नाहीतर पुन्हा सीट कव्हरं. घरात तसं ठरलंच होतं.

भाऊ यशराज छत्री धरून तिच्याशेजारी उभा होता. कुणाला दाखवायचं नाही, हा त्याचा एकच मंत्र. इरलं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. त्याची परीक्षा झाली होती तीही गच्चीचं दार लावून, टाकीच्या नळाखाली. यशराज ते घालून ताठ उभा राहिला आणि थेंबभर पाणी आत आलं नाही. मग पेढे वाटले, तेही घरातल्या घरात. ताठ उभं राहून भात कोण लावतं, हे मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

धोंडुबाई इरलं उचलून घेऊन आली. "पोरी, वाकलं की ह्येची शेपटी वर हुतीया. वारा तितनंच शिरतोय बघ."

"आन् ह्या कानाच्या बाजूनं शेजारीण दिसत न्हाय," वाफ्यातून बाळाबाई ओरडली. "दिसभर बोलायचं कुणासंगं?"

मोनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कानापाशी कापड जास्त होतं आणि मागं कमी. इथलं काढून तिथं जोडलं की झालं. तिनं पिशवीतली कात्री काढली, तशी यशराजनं मनगट धरलं.

"हितं नको. त्यो बघ."

बांधाच्या टोकाला बाजारातला ताडपत्रीवाला दुकानदार येऊन उभा होता. नजर इरल्यावर, हात खिशातल्या मापाच्या टेपवर.

"उसवलंस तर आतली सगळी करामत कळंल त्याला. घरी न्हेऊन गपचूप नीट करू."

"घरी न्हेऊन परत आणंस्तवर लावण संपंल की, दादा."

"मग पुढच्या वर्षी."

धोंडुबाईला हसू आवरेना. ही पैऱ्याची लावण होती. आज सगळ्या जणी हिच्या शेतात, उद्या बाळाबाईच्या, परवा तिसरीच्या. "आमी आपापलं रोप लपवून लावत बसलो असतो, तर दिवाळीपतूर हितंच असतो, पावणं," ती यशराजला म्हणाली. मग तिनं चिखलानं माखलेले हात मोनापुढं केले. "कुठं धरू, त्ये सांग."

मोनाला भीती वाटली. चांगलीच वाटली. वर्षभर जिवापाड जपलेली गोष्ट होती ती. पण पुढच्या वर्षापर्यंत सीट कव्हरं शिवायची, या विचारानं तिला त्याहून जास्त धडकी भरली. ती तिथंच ओल्या बांधावर बसली आणि तिनं टाके उसवले.

बांबूच्या कामट्या एकेक करून बाहेर आल्या, बायकांनी त्या हातात धरल्या. दुकानदार सरकत सरकत अगदी डोक्यावर येऊन उभा राहिला.

"कामट्या शिवल्याल्या न्हाईत व्हय?"

"न्हाय," दाभण चालवत मोना म्हणाली. "नुसत्या खोळंत सरकवायच्या. म्हणून तर घडी हुतीया."

यशराजनं डोळे मिटून घेतले.

कानाजवळचं कापड मागं जोडलं गेलं. कमरेला बांधायला लुगड्याच्या काठाची नाडी लागली. दुकानदारानं उभं माप घेतलं, आडवं घेतलं, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले. मोनानं त्याला टेपचं दुसरं टोकसुद्धा धरून दिलं.

धोंडुबाई इरलं बांधून ओळीत जाऊन वाकली. सगळ्यांचे हात थांबले. घाटाकडून पुन्हा तसाच वारा आला. इरल्याची कड फडफडली, जरा उचलली आणि गपकन पाठीला चिकटून बसली. धोंडुबाईनं वर पाहिलंदेखील नाही. तिनं रोपाची मूठ सोडली आणि शेजारणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं सुरू केलं.

"मला बी पायजे," बाळाबाई ओरडली. पाठोपाठ सगळी ओळच ओरडायला लागली. मोना चिखलात उतरून वेड्यासारखी हसत होती आणि छत्री मिटलेला यशराज पावसात भिजत उभा होता.

दुकानदारानं घाईनं टेप गुंडाळली, मोबाइल खिशात टाकला आणि बाजाराची वाट धरली. तेवढ्यात ओळीतून धोंडुबाईची हाक आली, "मोना, गळ्यापाशी बोटभर ढिलं कर गं. मोठ्यानं हसाय येत न्हाय."

मोनानं कात्री उचलली आणि वळून दुकानदाराला हाळी दिली.

"ओ पावणं, थांबा की. त्ये माप जुनं झालं."