एक नग

“एक नग कोणी बनवत नाही, ताई. शंभर सांगा, आत्ता मशीनवर घेतो.”

साकीनाक्याच्या गल्लीतला हा सहावा लेथवाला. रुचिराने पिशवीतला तुकडा पुन्हा त्याच्यासमोर धरला. अंगठ्याएवढी लोखंडी कडी, आतून बारीक दाते. मोटारसायकलच्या गिअरच्या दांड्यावर ती दातांत दात अडकवून बसते. कुर्ल्याच्या भंगारात तिला ही सापडली होती, पण दाते झिजून गुळगुळीत झालेले. दांड्यावर बसवली की नुसतीच फिरायची. नवी मिळायची सोय नव्हती. ते मॉडेल बंद होऊन बारा वर्षं झाली होती.

लेथवाल्याने कडी बोटांत फिरवली आणि घरातलं कोणी पुरुषमाणूस का नाही आलं, असं विचारलं. तिने सांगितलं, नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापलाय. पायाने टाकायचा गिअर हाताने टाकता यावा, एवढंच तिला करायचंय. हातभर सळई तिने बोरिवलीच्या ग्रिलवाल्याकडून कापून आणली होती, दोन सांधे घाटकोपरच्या स्पेअर पार्टवाल्याने डब्यात तासभर शोधून दिले होते, पट्टीला भोकं तिने स्वतः पाडली होती. फक्त ही कडी राहिली होती. लेथवाल्याचा चेहरा जरा नरमला. पाय कसा गेला, त्याने विचारलं.

“गाडी घसरली,” ती म्हणाली, आणि कडी पिशवीत टाकून चालू लागली. पुढच्या चार दुकानांत तिला तेच उत्तर मिळालं. शनिवारची दुपार होती. एकेक शटर खाली येत होतं.

दहिसरच्या त्यांच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, नितेश आठ महिने खाटेवर होता. दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण आता स्वतःच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नव्हता. नवा पाय मोजमाप देऊन करून आणला, तो दाराआड उभा होता. कोणी भेटायला आलं की सासूबाई मुलाकडे बघत म्हणायच्या, “माझ्या झिलाचा नशीबच खोटा.” रुचिरा तेवढ्यात चहा टाकायला आत जायची आणि चहा झाला तरी बाहेर यायची नाही.

गुरुवारी नितेशने चुलतभावाला, देवेशला, बोलावून सांगितलं होतं, भंगारवाला आण, गाडी देऊन टाक. रविवारी दहाची वेळ ठरली. रुचिराने नितेशला आणखी थोडे दिवस थांब म्हणून विनवलं. त्याने कूस बदलली. ती गाडी गेली की नितेश त्या खाटेवरून कधीच उठणार नाही, हे तिच्या मनाने घेतलं होतं. त्यानंतर तिला धड झोप नव्हती.

रविवारी सकाळी ती लोखंड कापायची करवत घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. उपाय एकच उरला होता. गाडीच्या स्वतःच्या गिअर लिव्हरला तशीच कडी होती, दाते शाबूत. लिव्हर कापून कडी वेगळी करायची आणि तिला सळई जोडून घ्यायची. ग्रिलवाल्याने बजावलं होतं, काप तिरका गेला किंवा वेल्डिंगच्या आचेने दाते बिघडले तर गाडी कोणालाच चालवता येणार नाही. तिला पटलं होतं. तरी तिने नट सैल केला, लिव्हर उतरवली, कठड्याच्या लोखंडी पट्टीला तारेने करकचून बांधली. पाते टेकवलं. चौथ्या झटक्यालाच पाते तुटलं. तिने दुसरं चढवलं. पाते एका जागी ठरेना.

मागे लिफ्टचं दार उघडलं. तिने वळून पाहिलं नाही.

“कापू नको,” नितेश म्हणाला.

तो दोन्ही कुबड्यांवर उभा होता. नवा पाय घाईत, जरा वाकडाच बांधलेला. सात मजले लिफ्टने येऊनही तो घामाने भिजला होता. रुचिरा बोलत सुटली. एकच काप आहे, अर्धा तास आहे अजून, वेल्डिंगवाला तयार आहे, गिअर हाताने पडेल, तू पुन्हा कामावर जाशील, सगळं होतं तसं होईल. त्याने तिला अडवलं नाही. गाडी डबल स्टँडवर उभी होती. त्याने एक कुबडी भिंतीला टेकवली, खांब धरला आणि धडपडत, दोनदा तोल जाऊन, शेवटी मागच्या सीटवर बसला. मग देवेशला फोन लावून भंगारवाला नको म्हणून सांगितलं.

“मग गिअर कसा टाकशील?” तिने विचारलं.

“मी नाही टाकणार. तू लिव्हर परत लाव,” तो म्हणाला. “या वेळी आधी लायसन्स काढ. मग तू चालव, मी मागे बसतो.”

रुचिराच्या हातातली करवत फरशीवर पडली. आठ महिन्यांपूर्वी नितेशने पोलिसांना, आईला, सगळ्यांना सांगितलं होतं की गाडी तोच चालवत होता. त्या दिवशीही तो मागेच बसला होता.