दोन मिनिटं

सकाळी हॉस्पिटलचे संगणक सांभाळणाऱ्या हर्षलाच्या लक्षात आलं, की तिथल्या वेबसर्व्हरची सेटिंगची फाइल बाहेरच्या कुणीतरी उतरवून नेली आहे. सगळ्या डॉक्टर-नर्सच्या लॉगिनची यादी ज्या पासवर्डने उघडायची, तो त्याच फाइलीत होता.

"पण तो सांकेतिक करून ठेवलाय ना?" शेजारच्या टेबलावरच्या तौफिकने विचारलं. "चोराला नुसती गिचमिड दिसेल."

"ती उलगडायची किल्लीही त्याच फोल्डरमध्ये आहे." हर्षलाने फोन जवळ ओढला. "घाईत ठेवली, हलवायची राहूनच गेली."

तिने अधीक्षकांना फोन लावला. "डॉक्टर, चूक माझी आहे. पासवर्ड आत्ताच बदलायला हवा. दहा मिनिटं सगळे स्क्रीन बंद पडतील."

"आत ऑपरेशन चालू आहे. रिपोर्ट कागदावर काढून घेतो, दोन मिनिटं द्या."

ती दोन मिनिटं सरता सरेनात. निरोप येताच तिने पासवर्ड बदलला.

लगेच पडद्यावर ओळ उमटली. जुन्या पासवर्डने आत येण्याचा प्रयत्न, नाकारला. मग दुसरी. तिसरी.

तौफिकने सुटकेचा सुस्कारा सोडला. हर्षला मात्र जागची हलली नाही. बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहतंय आणि आपण आत श्वास रोखून उभ्या आहोत, असं तिला वाटत राहिलं.