बोटं पिरगाळली जाऊ नयेत

"फिंगर्स मस्ट नॉट बी... पुढं?"

"बेंड," समीक्षा म्हणाली.

"बेंट. तिसरं रूप लागतं," स्वप्ना मॅडम म्हणाल्या. "बोटं पिरगाळली जाऊ नयेत. आता कान घे."

"इयर्स मस्ट नॉट बी पुल्ड. पर मॅडम, ह्यात कान ओढणारी कोण, ते कुठं आलं?"

"येत नाही. कुणी का ओढेना, बंदी ती बंदी. नाव घ्यायचं कारण नाही."

"मग ही भाषा बरी हाय. आपल्याकडं आधी नाव बघत्यात, मग नियम."

कडेगावात तालमीच्या पायरीवर ही शिकवणी रोज संध्याकाळी चालायची. मॅडम हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मांडीवर कुस्तीच्या नियमांचं पुस्तक आणि समोर समीक्षा, उजवा गुडघा पट्ट्यात आवळलेला. गेल्या साली ऐन कुस्तीत तो निखळला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा कुस्ती धरलीस तर पुढं काठी धरावी लागेल.

जिच्या नावावर मैदानं भरायची, ती पोरगी त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून निजली. मग एका सकाळी उठून म्हणाली, "मी मॅटवर परत जाणार." दिल्लीत चाचणी होती. तिथला सगळा कारभार इंग्रजीत, आणि बारावीला इंग्रजीच्या पेपरातून ती कशीबशी निसटली होती.

पलीकडच्या तालमीचे गुंडा वस्ताद रोज त्याच वाटेनं जायचे. दुसऱ्याचा तोटा मोजण्यात त्यांचा हातखंडा. समीक्षा बसली तेव्हापासून त्यांच्या अंकिताचं नाव वर चढलं होतं, ही जमाही त्यांनी मांडून ठेवली होती.

"काय सयाजीराव," ते समीक्षाच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी नवऱ्यासंगं इंग्रजीत भांडणार जणू!"

"भांडंल की. मराठीत तिला कोण पुरतंय?"

"मॅटवर जायाचं म्हनती म्हनं?"

"म्हनती."

"आवं, तो गुडघा घेऊन? ती मॅटवर हुबी ऱ्हायली, तर ह्यो गुंडा भर गर्दीत फेटा काढून मुजरा करंल. सांगून ठेवा तिला."

"सांगतो," सयाजी म्हणाले. हयात फौजेत गेलेला माणूस. विचारलं तेवढंच सांगायचा.

पहाटे तालमीत पोरींच्या कुस्त्या लागत. समीक्षा अर्धी वाकून त्यांच्याभोवती गोल गोल फिरायची, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. गुडघ्याला चाल मिळावी म्हणून फिरते, असं बघणारे म्हणत. एकदा गुंडा वस्तादांनी भिंतीवरून डोकावलं, तर समीक्षा मातीत पालथी, गाल जमिनीला. वस्तादांनी चहाच्या आधीच बाजारात खबर पोचवली, "गेला गड्या गुडघा!" दुसऱ्या दिवशी बघतात तर ही पुन्हा फिरतेय.

आई मनुबाई शिलाई मशीनवर बसली होती. "तांबडं कापड आणू का निळं?"

"दोन्ही आण."

मॅटवर एक पोरगी तांबड्या पोशाखात असते, एक निळ्या. कुणाला कुठला रंग, ते ऐनवेळी ठरतं. मनुबाईनं दोन्ही आणलं.

दिल्लीहून आल्यावर समीक्षा आधी मॅडमच्या पाया पडली.

"विचारलं का मस्ट नॉट बी?"

"त्येच की! दुसरं काय विचारलंच न्हाई म्हणा."

सयाजींनी पेढे वाटले. गुंडा वस्तादांनी दोन घेतले. "घेतली व्हय तिला?"

"घेतली."

"बघू, सांगलीला बघू," वस्ताद म्हणाले आणि तिसरा उचलला.

सांगलीच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी हलगी कडाडत होती. अंकिता निळ्या पोशाखात आली. तिच्या बाजूला, मॅटच्या कोपऱ्यात, खुर्चीवर गुंडा वस्ताद. मग स्पीकरवर समीक्षाचं नाव आलं आणि कडेगावची माणसं जागची उठली. मॅटवर पाय ठेवायच्या आधी तिनं वाकून हात टेकला, कपाळाला लावला. तालमीच्या मातीची सवय.

वस्ताद खुर्चीतून अर्धे उठले. "ही?"

"व्हय, हीच," अंकिता म्हणाली.

शिट्टी झाली. समीक्षा कमरेत वाकली. अंकिताच्या हातावरून तिची नजर हलत नव्हती. पट्ट्यातला गुडघा सारखा मुडपत होता आणि प्रत्येक मुडपीला मनुबाई जागेवरून उठत होती. दुसऱ्या फेरीत अंकितानं हळूच बोटांना हात घातला.

"फिंगर्स मस्ट नॉट बी बेंट!" समीक्षा इतक्या मोठ्यानं ओरडली की गर्दीतल्या स्वप्ना मॅडमनी टाळी वाजवली.

अंकितानं बोटं सोडली. मग ती सरळ कुस्तीवर आली, आणि आली तशी डोळ्याचं पातं लवायच्या आत तिनं ढाकेचा डाव मारला. समीक्षा धाडकन आडवी झाली, गाल मॅटला टेकला. मनुबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. मॅटवर थाप पडली. शिट्टी झाली. कुस्ती निकाली.

अंकिताची माणसं नाचायला लागली. गुंडा वस्ताद मात्र नाचले नाहीत. मॅटच्या कडेला आले, फेटा काढून हातात घेतला आणि भर गर्दीत समीक्षापुढं कमरेतून वाकले.

खांदे टेकले का ते बघायला आडवी झालेली समीक्षा उठली. गुडघा शाबूत होता. आईनं शिवलेल्या पंचाच्या दोन पट्ट्या तिनं मनगटांवर नीट केल्या, डाव्यावर तांबडी, उजव्यावर निळी. तांबड्या पोशाखातल्या, चीत झालेल्या म्हसवडच्या पोरीला तिनं हात देऊन उठवलं, डाव्या बाजूला उभं केलं, आणि निळ्या पट्टीच्या हातानं अंकिताचा हात उंच धरला.