हेमलतेची सही

हेमलता असं वागेल, हे बायजाक्कांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

वीस वर्षांनी हेमलतेची मालिका पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर अक्कांनी सुनेला टीव्हीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला लावला होता. माहेरवाशीणच येत होती ना! त्या काळी पडद्यावरच्या या विधवेनं दिराचा कागद भिरकावून ठणकावलं होतं, "जमीन माझ्या लेकराची आहे. सही मिळायची नाही." दुसऱ्याच दिवशी विधवा अक्कांचे दीर तसाच कागद आणि शाईची डबी घेऊन दारात आले. अक्कांनी अंगठा पदरात गुंडाळला आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं. म्हणून तर आज मळा होता, डोक्यावर छप्पर होतं.

आणि आता पिकल्या केसांची हेमलता त्याच दिरापुढे डोळे पुसत पेन उघडत होती.

"करू नको गं बाई!" अक्का ओरडल्या. रिमोटची दिसतील ती बटणं दाबली, तर नुसता आवाज वाढला.

"चूक माझीच होती, भावोजी," हेमलतेचं बोलणं घरभर घुमलं, आणि सही झाली.

"लिहिणारे बदलले, आत्याबाई," सून हळूच म्हणाली. "ती तरी काय करणार?"

अक्कांचा अंगठा कधीचाच पदरात गुंडाळला गेला होता. त्या पडद्याजवळ गेल्या.

"तुझ्या जिवावर अख्ख्या भावकीशी वैर घेतलं मी, हेमे. चूक असली तर तुझी असेल. माझी नव्हती."