मार्चचे आकडे

२०१६ सालची गोष्ट. पुण्याच्या हवेतल्या परागकणांच्या माझ्या वीस वर्षांच्या नोंदी मागायला डॉ. नासिर बागवान आले. दम्याच्या मुलांना कुठला महिना जड जातो, हे त्यांना शोधायचं होतं.

"पूर्वी एकाने माझे आकडे स्वतःच्या नावावर छापलेत," मी म्हटलं.

"अहो मॅडम, चोरायचे असते तर समोर बसून मागितले असते का?"

"त्यानेही समोर बसूनच मागितले होते. चहासुद्धा घेतला होता."

शेवटी आकडे दिले, पण मार्चचे मुद्दाम दुप्पट करून. त्यांनी ते स्वतःचे म्हणून छापले असते, तर मला चोरी लगेच सिद्ध करता आली असती.

वर्षभराने निबंध छापून आला. पहिलं नाव माझं होतं, दुसरं त्यांचं, आणि निष्कर्ष होता की मुलांना मार्चमध्ये जपा. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मार्चचे आकडे खोटे ठरवले. निबंध मागे घेताना डॉक्टरांनी लिहून दिलं, "आकडे उतरवून घेताना माझीच चूक झाली."


त्यांनी संशोधन सोडून खडकीत दवाखाना टाकला. मी त्याच वर्षी शाल-श्रीफळ घेऊन सन्मानाने निवृत्त झाले.