उठली म्हणजे झालं

गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या सोफ्यावर मांडी ठोकून सोफेवाला सांगत होता की फुटबॉल हा खेळच नव्हे, नुसती रडारड आहे. वारा लागला तरी ते गडी पोटरी धरून लोळतात, आणि पंचानं कार्ड काढलं की टुणकन उभे. टेनिस बघायला गेलेल्या माणसाला शिंकसुद्धा चोरून द्यावी लागते. क्रिकेटचं तर नावच नको. मध्येच चहाला जातात म्हणे. चहाला जाणाऱ्याला खेळाडू म्हणायचं, तर मग आपल्या सुताराला सोन्याचं पदकच द्यायला हवं.

शेजारचा सुतार हसला आणि स्प्रिंगा उघड्या पडलेल्या खुर्चीवर सांभाळून टेकला. त्याला कुठल्याच खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सोफेवाल्याची टकळी त्याला आवडायची. मागे शिलाईच्या मशीनवर सोफेवाल्याची बायको कव्हरला गोट लावत होती. आज तिची शिलाई वाकडी जात होती. टीव्हीवर हॉकीचा अंतिम सामना चालू होता आणि बचाव करणाऱ्यांत त्यांची लेक होती.

तेवढ्यात कुणाच्या तरी स्टिकला लागून चेंडू उसळला आणि थेट लेकीच्या कानशिलावर बसला. मशीन थांबलं. लेक आडवी झाली. मैदानावरच्या बाकीच्या पोरी धावत आल्या. मग कोपरावर रेटा देत ती उठली आणि सगळ्यांना हातानंच बाजूला सारलं.

सोफेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलंही नाही. हे बघ, त्यानं सुताराला सांगितलं, याला म्हणतात हॉकी. सोंग नाही, कण्हणं नाही.  बायको मशीनवरून उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली, तेव्हा तिला जरा बाजूला हो म्हणावं लागलं.

अर्धा खेळ संपला आणि फोन वाजला. मेहुण्याचा होता. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून बायकोचा हा भाऊच गेला होता. तो हळू आवाजात बोलत होता. डॉक्टर म्हणताहेत तिला बसवा. ती म्हणतेय मी ठीक आहे. पण दाजी, तिनं मला दोनदा विचारलं, मामा, तू कधी आलास म्हणून. प्रशिक्षकानं माझ्यावर सोपवलंय. अंतिम सामन्यात तिला बसवलं तर उद्या तुम्ही मला दारात उभं करायचा नाहीत, म्हणून विचारतोय.

"उठली ना?" सोफेवाला म्हणाला.

उठली, मेहुणा म्हणाला.

"उठली म्हणजे झालं. खेळू दे तिला."

बायकोनं हात पुढे केला होता. "मला द्या फोन," ती म्हणाली. तोवर त्यानं तो बंद करून उशीखाली सारला होता. तो म्हणाला की तुम्हा भावाबहिणीला यातलं काय कळतं, हॉकीत डॉक्टर पट्ट्या बांधायला असतो, मतं द्यायला नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. बाजू बदलल्या होत्या, पण लेक आधीच्याच गोलाकडे चालत गेली. एका पोरीनं दंडाला धरून तिला माघारी आणलं. चकवा आहे तो, सोफेवाला म्हणाला. समोरच्यांना वाटायला हवं की ही भांबावली. मग चेंडू तिच्या पायाजवळून गेला आणि ती तो गेल्यानंतर वाकली. दम राखतेय, तो म्हणाला, शेवटी उपयोगी पडतो. सुतारानं या वेळी मान डोलावली नाही. तो बायकोकडे बघत होता.

"ताप चढला की ती अशी बघते," बायको म्हणाली. कुणाला उद्देशून असं नाही.

सोफेवाल्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पंचाची शिट्टी झाली आणि तो सावरून बसला. पेनल्टी कॉर्नर. आता पाच जणी गोलरेषेच्या मागे उभ्या राहणार, कडेनं चेंडू आत येणार आणि समोरची तो जीव खाऊन मारणार. पाचांतली एक गोलरक्षक. उरलेल्या चौघींतली एक त्या माऱ्याच्या थेट अंगावर धावून जाते, सगळ्यांत आधी, आणि ते काम आपल्या लेकीचं आहे, असं त्यानं सुताराला समजावलं. बोलता बोलता त्याचा आवाज थोडा खाली आला.

बाकीच्या तिघी चेंडू लागू नये म्हणून तोंडावर मुखवटे चढवत होत्या. शेजारच्या पोरीनं लेकीचा मुखवटा तिच्यापुढे धरला. लेकीनं तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, पट्टा बोटांनी चाचपला. मग वाकून तो गवतावर नीट ठेवला. ओळीत उभी राहून ती पुढे बघू लागली.

"अहो," बायको म्हणाली, "तिला ते काय आहे तेच कळलं नाही."

सोफेवाल्यानं उशीखालून फोन ओढून काढला. मेहुण्याचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. पडद्यावर क्षणभर बाकावरचा मेहुणा दिसला. तो दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता. कॅमेरा परत गोलाकडे वळला. फोन कानाला तसाच धरून सोफेवाला गुडघ्यांवर पडद्याजवळ सरकला.

"बस गं," तो म्हणाला. "बाळा, खाली बस."

चेंडू आत आला. सगळ्यांच्या आधी तीच धावली.